प्राणवायू : तारक की मारक?

वय झाले की गात्रे शिथिल होतात, हे कोणी कोणाला सांगावयास नको. पण ती का शिथिल होतात, याचा निवाडा शास्त्राने एकदा दिला आणि पुढे त्यालाच तो सुधारून घ्यावा लागला. तो इतिहास आम्हाला येथे थोडक्यात सांगावयाचा आहे.

आपल्या पेशींत सूक्ष्म तंतुकणिका असतात. कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने १८९८ साली त्यांना 'मायटोकाँड्रिया' हे नाव दिले. प्राणवायूच्या साहाय्याने अन्नाचे मंद ज्वलन होऊन शक्ती निर्माण होते ती मुख्यतः याच कणिकांत, हे १९४८ च्या सुमारास केनेडी व लेनिंजर यांनी अमेरिकेत दाखविले. कणिका ही जणू पेशीची चूलच होय.

चूल म्हटली की ठिणगी आलीच. १९५६ साली डेनहॅम हारमन यांनी असे प्रतिपादन केले की, शरीरात उत्पन्न होणारे 'मुक्त मूलक' नावाचे अतिचंचल कण पेशींची नासधूस करतात, आणि ती साचत जाऊन वार्धक्य येते. १९६९ साली मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांना अशा एका मूलकाला निष्प्रभ करणारे विकर शरीरातच सापडले, तेव्हा या मताला बळ आले. १९७२ साली हारमन यांनी खुद्द तंतुकणिकांकडेच बोट दाखविले. मूलक शत्रू ठरले आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या हे त्यांवरील शस्त्र ठरले.

परंतु श्रमाने मूलक वाढतात, तर मग श्रम करणाऱ्याचे स्नायू आधी झिजावयास हवेत! उलट १९६७ सालीच जॉन होलोझी यांनी दाखविले होते की, नियमित धावविलेल्या उंदरांच्या स्नायूंतील ज्वलनशक्ती जवळजवळ दुप्पट होते. २००९ साली जर्मनीत रिस्टो व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, व्यायामाबरोबर क व ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्या तरुणांना व्यायामाचा इन्सुलिनविषयक लाभ मिळालाच नाही. पुढील सर्वच प्रयोगांत असे दिसले नाही, हेही सांगितले पाहिजे. तथापि थोडी ठिणगी पेशीला जागे करते, अतिरेक मात्र जाळतो, हे आता मान्य झाले आहे.

म्हाताऱ्या स्नायूंत बिघडलेल्या कणिका साचतात, हे खरेच. पण १९९० साली बोस्टन येथे नव्वदीच्या घरातील दहा वृद्धांकडून आठ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम करविला, तेव्हा त्यांच्या मांड्यांची ताकद दुपटीहून अधिक वाढली. घरातील वडीलधाऱ्यांना 'आता स्वस्थ बसा' असे आपण मायेने सांगतो. त्या मायेचा आपण सर्वांनी एकदा फेरविचार करावा, एवढीच आमची विनंती आहे.