ओंडक्यांची मोजदाद आणि मंडालेचे राज्य

रत्नागिरीचा थिबा राजवाडा बहुतेक मराठी माणसांनी पाहिला नसला तरी ऐकलेला असतो. पण ब्रह्मदेशाचा हा राजा कोकणात का आला, असे विचारले तर ‘इंग्रजांनी कैद करून आणला’ ह्यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाही. ते खोटे नाही; मात्र त्या कैदेच्या मुळाशी सागाच्या ओंडक्यांचा एक हिशेब होता. आयुष्य नोंदवह्यांत घालविणाऱ्या आमच्यासारख्यांनी तो जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांच्या आरमाराला साग हवा होता. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी मलबारी सागाची जहाजे बांधली; १८१७ साली तेथे उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात अद्याप तरंगत आहे. पण मलबारची राने विरळ झाली, आणि १८२६ च्या यांदाबो तहाने तेनासरीम हाती येताच मोलमेन हे सागाचे मोठे बंदर बनले. पाठोपाठ तीही राने उजाड झाली. १८५२ च्या दुसऱ्या युद्धात पेगू घेतल्यावर मात्र सरकार सावध झाले. १८५६ साली डीट्रिख ब्रांडिस ह्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञास तेथील राने सांभाळण्यास नेमण्यात आले, आणि १८६४ मध्ये हेच गृहस्थ हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले मुख्य झाले. आमच्या ह्या खात्याचे बाळकडू ब्रह्मी सागाच्या रानातले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या धंद्यात घाई चालत नसे. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती, साल व तिच्याखालचे कोवळे लाकूड कापून, गोल खाच पाडीत आणि झाड सुमारे तीन वर्षे जागीच वाळू देत. मग ते तोडीत. हत्ती ओंडके ओढून कोरड्या ओढ्यांत आणून टाकीत आणि पावसाळ्याच्या लोंढ्याची वाट पाहत बसावे लागे. लोंढा आला तर ओंडके नदीस मिळत. पाऊस कमी पडला तर वर्षभर तेथेच पडून राहत. कोणाचा ओंडका कोणता, हे त्यावर हातोडीने उठविलेल्या शिक्क्यावरून ओळखावयाचे. रानापासून बंदरापर्यंतच्या ह्या कित्येक वर्षांच्या प्रवासात मोजणीच्या जागा अनेक, आणि प्रत्येक जागी वादास वाव!

१८६३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने स्वतंत्र ब्रह्मदेशाच्या राजाकडून निंग्यानच्या रानांचा मक्ता मिळविला होता. तेथील ओंडके सित्तांग नदीने खाली इंग्रजी मुलखात येत. १८८५ मध्ये मंडालेच्या दरबाराने आरोप केला की, कंपनीने नेलेले ओंडके जास्त आणि भरलेला पैका कमी. कंपनीचे म्हणणे असे की, काही लाकडासाठी ठोक रक्कम ठरली असल्याने त्याचा हिशेब नगावारीने लावणेच गैर. ‘ह्लुत्तो’ ह्या राजाच्या मंत्रिमंडळाने कंपनीस सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. लवादाची इंग्रजांची सूचना दरबाराने फेटाळली.

एवढ्यासाठीच युद्ध झाले, असे आमचे म्हणणे नाही. त्याच वर्षी राजाने फ्रान्सशी तह केला होता, फ्रेंच वकील मंडालेत येऊन बसला होता, आणि खरी धास्ती त्याची होती. पण फ्रेंचांच्या धास्तीपायी राज्य बुडविले, हे उघड बोलणे अवघड. हिंदी प्रजाजनांचेही भांडवल असलेल्या एका कंपनीवर अन्याय झाला, हे बोलणे सोपे. २२ ऑक्टोबर १८८५ च्या निर्वाणीच्या खलित्यात कंपनीविरुद्धची कारवाई थांबविण्याची मागणी होतीच. शिवाय परराष्ट्रसंबंध हिंदुस्थान सरकारच्या सल्ल्याने चालविण्याचीही होती. ही दुसरी मागणी मान्य करणारा राजा स्वतंत्र कसा राहणार? २८ नोव्हेंबरला मंडाले पडले आणि १ जानेवारी १८८६ रोजी राज्य खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला. कोणाची मोजणी बरोबर होती, हा प्रश्न तोफांनी निकालात काढला. हिशेब तपासण्याचा ज्याचा हक्क, त्याचेच राज्य उरले नाही.

थिबा मद्रासमार्गे १८८६ मध्येच रत्नागिरीस पोचला. त्यापुढचा योगायोग विलक्षण आहे. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते, आणि मंडालेचा राजा त्याच काळात रत्नागिरीत नजरकैदेत होता. राज्य एकच असल्याने माणसांची अशी अदलाबदल त्याला सोयीची होती. सागाला मात्र एकच दिशा ठाऊक होती, बंदराकडची. मंडालेचा सागवानी राजवाडा पुढे महायुद्धात, मार्च १९४५ मध्ये, जळून गेला.

स्वतंत्र झाल्यावर ब्रह्मदेशाने सागाचा व्यापार सरकारच्या हाती घेतला, तरी अख्खे ओंडके बाहेर जातच राहिले, आणि त्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आपलाच देश होता. १ एप्रिल २०१४ पासून तेथून ओंडक्यांची निर्यात बंद झाली. आपले व्यापारी मग आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील लागवडीच्या सागाकडे अधिक वळले. वखारवाल्यांना तो ब्रह्मी सागाच्या तोडीचा वाटत नाही, ही गोष्ट निराळी.

थिबा १९१६ साली रत्नागिरीतच वारला. राणी सुपयालत १९१९ मध्ये रंगूनला परतली. राजाला ते भाग्य लाभले नाही. डिसेंबर २०१२ मध्ये ब्रह्मदेशाचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीस येऊन त्याच्या समाधीचे दर्शन घेतले.