झोका, तोल आणि ताल

श्रोते हो, डोंबाऱ्याचा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. दोन्ही बाजूंना बांबूच्या कैच्या, मध्ये ताणलेला दोर, दोरावर आडवी काठी धरून चालणारी पोर आणि खाली उभा राहून ढोलकी वाजवणारा तिचा बाप. आपण सारे त्या पोरीकडे पाहत असतो. ढोलकीवाल्याकडे सहसा कोणी बघत नाही. बघितलं तर एक गोष्ट ध्यानात येते. त्याचे हात वाद्यावर असतात, पण नजर मात्र पोरीच्या पावलांवर असते. ती मध्येच थांबली तर तो ठेका धरून ठेवतो. ती पलीकडे पोचली की मगच जोराची थाप देतो. म्हणजे खेळ दोघांचा असतो, आणि टाळ्या एकटीला मिळतात.

कसरत आणि वाद्य यांची ही सोयरीक फार जुनी आहे. सर्कशीच्या तंबूत ती कशी वाढली आणि या जोडीत कोण कोणाच्या मागे चालतो, याची हकीकत आज सांगायची आहे.

आपण जिला सर्कस म्हणतो ती सुरू झाली इंग्लंडमध्ये, १७६८ साली. फिलिप अ‍ॅस्टली नावाचा घोडदळातून निवृत्त झालेला एक सार्जंट मेजर होता. लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण काठावर, एका मोकळ्या जागेत तो घोडेस्वारीचे खेळ करून दाखवू लागला. घोडा सरळ रेषेत न पळवता तो गोल रिंगणात पळवी. यात एक मर्म होतं. गोल फिरताना घोडा आणि स्वार दोघेही आतल्या बाजूला झुकतात, आणि ते झुकणं साधलं की स्वाराला घोड्याच्या पाठीवर उभं राहणं सोपं जातं. अनुभवाने रिंगणाचं माप ४२ फूट ठरलं. सव्वादोनशे वर्षं उलटून गेली तरी जगातल्या अनेक सर्कशींचं रिंगण अजून याच मापाचं असतं.

अ‍ॅस्टलीजवळ सुरुवातीला मोठा ताफा नव्हता. एक ढोल आणि बासऱ्या, एवढ्यावरच भागे. ढोल त्याची बायको बडवीत असे, असं सांगतात. पुढे त्याने घोड्यांच्या जोडीला दोरावर चालणारे, कोलांट्या मारणारे आणि विदूषक आणले, आणि वाद्येही वाढत गेली.

आता तुम्ही म्हणाल, घोडे वाद्याच्या तालावर नाचतात, हे तर आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. दिसतं तसं खरं, पण होतं उलटं. रिंगणात पळणारा घोडा आपली चाल धरून पळत असतो. सरावलेला घोडा ही चाल सहसा बदलत नाही, आणि म्हणूनच त्याच्या पाठीवर उडी मारणाऱ्याला भरवसा वाटतो. वाद्यवाले त्या टापांकडे पाहून आपली लय बांधतात. घोडा दमला, चाल मंदावली, तर वाद्येही मंदावतात. पाहणाऱ्याला मात्र घोडाच तालाला पक्का वाटतो. सर्कशीच्या संगीताचा हा पहिला धडा.

दुसरा धडा मिळाला पॅरिसमध्ये. १२ नोव्हेंबर १८५९ या दिवशी तिथल्या ‘सर्क नेपोलियन’ या इमारतीत झ्यूल लेओतार या तरुणाने उंच टांगलेल्या एका झोक्यावरून दुसऱ्या झोक्यावर झेप घेऊन दाखवली. आज सर्कशीत आपण श्वास रोखून झोक्याचे खेळ पाहतो, त्यांचा मूळपुरुष तो. अंगाला घट्ट बसणारा जो पोशाख कसरतपटू घालतात, त्याला इंग्रजीत अजून त्याचंच नाव आहे.

शिक्षक मित्रांनो, इथे जरा तुमच्या विषयाकडे वळू. लंबकाचा नियम तुम्ही वर्गात शिकवता. लंबकाला एकदा जाऊन परत यायला किती वेळ लागेल, हे मुख्यतः दोरीच्या लांबीवर ठरतं. टोकाला वजन किती बांधलं याने फारसा फरक पडत नाही. चार मीटर लांबीचा लंबक घेतला, तर एका येरझाऱ्याला सुमारे चार सेकंद लागतात. सर्कशीतला झोका हा असाच एक मोठा लंबक आहे. त्यावरचा माणूस कितीही चपळ असो, झोक्याला घाई करता येत नाही. झोका टोकाला पोचतो, क्षणभर जणू थबकतो, आणि त्याच क्षणी हात सोडायचा असतो. थोडा आधी सोडला किंवा थोडा उशिरा सोडला, तर पलीकडच्याच्या हाती मनगट लागत नाही.

म्हणूनच झोक्याच्या खेळाला बहुतेक ठिकाणी वॉल्ट्झ वाजवतात. तीन मात्रांची ही चाल आहे. पहिल्या मात्रेवर वजन आणि पुढच्या दोन हलक्या, असा तिचा डौल. आपल्याकडे दादऱ्याच्या ठेक्याला जो हेलकावा असतो, त्याच्या जवळ जाणारा. हेलकावणाऱ्या झोक्याला ती चाल शोभते, आणि लय जरा ओढली किंवा सैल सोडली तरी कानाला खटकत नाही. वाद्यवाल्याला ही सवलत फार मोलाची असते.

याच इमारतीची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लेओतारच्या त्या उडीनंतर दोनच वर्षांनी, १८६१ साली, झ्यूल पादलू या संगीतकाराने तिथे रविवारी मोठ्या वाद्यवृंदाच्या मैफली सुरू केल्या. तिकीट स्वस्त होतं. ज्यांना संगीतगृहाची पायरी चढणं परवडत नव्हतं, असे हजारो लोक बेथोवन, मोझार्ट यांचं संगीत सर्कशीच्या बाकांवर बसून ऐकू लागले. त्या इमारतीचं आजचं नाव ‘सर्क द’इव्हेर’, म्हणजे हिवाळी सर्कस, असं आहे.

सर्कस आपल्या देशात आली ती परदेशी मंडळींबरोबर. चिआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईत आली आणि ती विष्णुपंत छत्रे यांनी पाहिली. विष्णुपंत आजच्या सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे. असा खेळ आपली माणसं का करणार नाहीत, या ईर्षेने त्यांनी १८८० च्या सुमारास स्वतःची सर्कस उभी केली. हिंदी माणसाने काढलेली ती पहिली सर्कस. हे पुष्कळांना ठाऊक असतं. विष्णुपंत गवई होते, हे मात्र थोड्यांना ठाऊक असतं. तरुणपणी ते ग्वाल्हेरला गेले आणि घोडे शिकवण्याची विद्या व ख्यालगायकी या दोन्ही गोष्टी तिथे शिकले. त्यांचे गाण्यातले गुरू म्हणजे प्रख्यात हद्दूखाँ.

पुढे गुरूंचे चिरंजीव रहिमतखाँ व्यसनापायी विपन्नावस्थेत काशीत भटकत असलेले विष्णुपंतांना आढळले. विष्णुपंतांनी त्यांना आपल्याजवळ आणलं, सांभाळलं आणि गावोगावच्या रसिकांपुढे बसवलं. रहिमतखाँची अखेरची वर्षं कुरुंदवाडला गेली आणि १९२२ साली ते तिथेच वारले. विष्णुपंत त्यांच्या आधीच, १९०५ साली, गेले होते. सर्कशीच्या मिळकतीवर एक थोर गवई जगला आणि आपल्या महाराष्ट्राच्या कानांवर ते गाणं पडलं, ही गोष्ट लहान नव्हे.

आता पुन्हा पश्चिमेकडे जाऊ. विदूषक धावत-पडत रिंगणात येतात तेव्हा वाजणारी ती खट्याळ, भरधाव चाल तुमच्या कानात असेलच. ती मुळात विनोदी नव्हती. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातले चेक बँडमास्तर युलिउस फुचिक यांनी १८९७ साली ती लिहिली आणि तिला रोमन मल्लवीरांच्या प्रवेशाचं नाव दिलं. ती शिपायांच्या संचलनाची चाल होती. अमेरिकेतल्या सर्कसवाल्यांनी तिची गती वाढवली, आणि वीरांच्या जागी विदूषक आले! चालीतले स्वर तेच राहिले. लय बदलली आणि अर्थ पालटला. संगीत शिकवणाऱ्यांनी हा दाखला मुलांना अवश्य द्यावा.

सर्कशीचा बँडमास्तर काय करतो, हे समजून घ्यायचं तर मर्ल इव्हान्स या माणसाकडे पाहावं. अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली या प्रचंड सर्कशीत तो १९१९ ते १९६९ अशी पन्नास वर्षं बँडमास्तर होता. त्याच सर्कशीत आपले पुण्याचे दामू धोत्रे १९४० पासून वाघ, सिंह, चित्ते खेळवीत होते. मर्ल इव्हान्स एका हाताने कॉर्नेट वाजवी आणि दुसऱ्या हाताने बँडला इशारे देई. तोंड सदैव रिंगणाकडे. एका खेळात शेकडो वेळा चाल बदलावी लागे. उडी साधली की झांज वाजली पाहिजे. उडी हुकून माणूस जाळ्यात पडला की चालू ओळ तिथेच गुंडाळून ती पुन्हा पहिल्यापासून धरली पाहिजे. अवघड उडीच्या आधी सगळा बँड थांबवून एकट्या ताशाची तडतड ठेवायची, आणि हात हातात पडले की सगळी वाद्यं एकदम उसळवायची. हे कागदावर लिहून ठेवता येत नाही. ते नजरेनेच करायचं.

याच बँडपुढे १९४२ साली एक वेगळाच प्रसंग आला. नृत्यकार जॉर्ज बालांशिन यांनी हत्तींचा नाच बसवायचं ठरवलं आणि संगीतासाठी गळ घातली ती थेट इगोर स्त्राविन्स्की यांना. स्त्राविन्स्की म्हणजे त्या काळातल्या युरोपीय संगीतातले अग्रगण्य रचनाकार. त्यांनी ‘सर्कस पोल्का’ लिहून दिला. ९ एप्रिल १९४२ रोजी न्यूयॉर्कला पन्नास हत्ती आणि पन्नास नर्तकी त्या संगीतावर रिंगणात उतरल्या. पण या संगीतात ठेका वारंवार मोडतो, मात्रा अनपेक्षित जागी पडतात. बसून ऐकणाऱ्याला त्याची मौज वाटते. हत्ती सांभाळणाऱ्याला आणि बँडमास्तरला वाटेलच असं नाही, कारण या रचनेत वाट पाहायला जागा ठेवलेली नव्हती. पुढे १९४४ साली स्त्राविन्स्कींनी हीच रचना बोस्टनच्या मोठ्या वाद्यवृंदाकडून हत्तींवाचून वाजवून घेतली, आणि तेव्हापासून ती संगीतगृहांतच अधिक रमली आहे.

त्याच १९४४ साली या बँडची खरी कसोटी लागली. ६ जुलैची दुपार. गाव हार्टफर्ड. तंबूत सुमारे सात हजार माणसं, त्यांत बायका-मुलंच जास्त. उंच तारेवर वालेंडा कुटुंबाचा खेळ नुकताच सुरू होत होता. मर्ल इव्हान्सची नजर नेहमीप्रमाणे फिरत होती, आणि तंबूच्या कापडावर ज्वाळा चढताना त्याला दिसली. त्याने क्षणात चालू चाल थांबवून सूझा यांचं एक प्रसिद्ध संचलनगीत वाजवायला लावलं. सर्कशीच्या जगात त्या गीताचा अर्थ ठरलेला होता: संकट आलं आहे, लोकांना बाहेर काढा. एरवी ते वाजवीत नसत. प्रेक्षकांना ती एक आनंदी चाल वाटे. कसरतपटूंना, माहुतांना आणि नोकरमंडळींना तो हुकूम असे. तारेवरची माणसं खाली उतरली, नोकर दारांकडे धावले.

पाऊस लागू नये म्हणून तंबूला पेट्रोलमध्ये विरघळवलेलं मेण चोपडलेलं होतं. त्यामुळे सगळा तंबू काही मिनिटांतच जळाला. १६५ हून अधिक माणसं दगावली, त्यांत लहान मुलं पुष्कळ होती. बँडवाले मात्र जळतं कापड खाली पडू लागेपर्यंत वाजवीत राहिले. संगीताने आग विझत नाही. पण त्या दिवशी जी माणसं वाचली, त्यांच्यातल्या काहींना वेळेवर हललेल्या हातांनी बाहेर काढलं, आणि ते हात हलवले त्या चालीने.

पुढे ध्वनिमुद्रणाची सोय झाली, आणि वाद्यवाल्यांचा पगार, प्रवास, जेवणखाण हा खर्च मालकांना डोईजड होऊ लागला. जगभर अनेक सर्कशींनी बँड मोडले आणि मुद्रित संगीत लावलं. आवाज त्यात उत्तम येतो. पण उडी हुकली तर मुद्रित संगीत थांबत नाही. कसरतपटूला त्याच्या मागे धावावं लागतं, आणि चाळीस फुटांवर लटकणाऱ्या माणसावर धावण्याची पाळी येऊ नये. हे ओळखूनच कॅनडात १९८४ साली निघालेल्या ‘सर्क दु सोलेई’ने आपल्या खेळांत प्रत्यक्ष वाजवणारे वादक ठेवले.

अलीकडे याहून निराळी एक जोडी जमली आहे. अमेरिकेतली ‘सर्क द ला सिम्फनी’ ही मंडळी मोठमोठ्या वाद्यवृंदांबरोबर संगीतगृहाच्या मंचावर कसरती करते. चायकोव्हस्की, बिझे अशा रचनाकारांचं संगीत चालू असतं, आणि वादकांच्या पुढे व डोक्यावर माणसं कापडाच्या पट्ट्यांवर तरंगत असतात. इथे मात्र अडचण अशी की वाद्यवृंदाच्या संचालकाचं तोंड वादकांकडे आणि पाठ कसरतीकडे. त्याला कसरतपटू दिसतच नाही. म्हणून इथे कसरतपटूलाच संपूर्ण संगीत पाठ करावं लागतं. कोणती ओळ किती सेकंदांची, कुठे ठहराव, कुठे जोर, हे सारं त्याच्या अंगात मुरलेलं असावं लागतं. तंबूत वादक कसरतीच्या मागे चालत होता, संगीतगृहात कसरतपटू वादकांच्या मागे चालतो.

दोन्ही रीती चांगल्या आहेत, कारण दोन्हींत कोणीतरी कोणाचं तरी जीव लावून ऐकतं किंवा पाहतं. जिथे दोघांपैकी एकही दुसऱ्याकडे लक्ष देत नाही, तिथे धोका असतो.

शिक्षक बंधू-भगिनींनो, तुमच्या शाळेत लेझीम असेल, मल्लखांब असेल, कवायत असेल. ताल धरायला एखादा मुलगा किंवा मुलगी ढोलावर बसवता. पुढच्या वेळी त्याला एवढंच सांगा, की बाळ, ढोलाकडे बघू नकोस, खेळणाऱ्यांकडे बघ. मागे पडलेल्या भिडूचं पाऊल दिसलं की त्याचा हात आपोआप थोडा सावकाश पडेल.