मंडपातला आवाज

1905 साली लोकमान्य टिळकांच्या हस्ते बेळगावच्या झेंडा चौकात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हा वक्त्याची भिस्त स्वतःच्या गळ्यावरच होती. आमच्या लहानपणी सांबऱ्यात भोंगे होते. सूचना द्यायची तर कॅसेटचा आवाज हाताने उतरवायचा. विसरलं, की हरवलेल्या पोराचं नाव गाण्यात बुडायचं. आता ते काम मिक्सरमधलं 'डकिंग' करतं. माइकवर बोललं की गाणं आपोआप खाली जातं.

त्याचा भाऊ कॉम्प्रेसर, 1930च्या दशकात रेडिओ-सिनेमासाठी रुळलेला. चारास एक ठेवला, तर ठरवलेल्या पातळीवरचे 8 डेसिबल 2 वर येतात. आमची पोरं मात्र त्यानेच आवाज आणखी चढवतात!

गेल्या वर्षी गाणं वर यायला दोन सेकंद दिले, तेव्हा कुठे दोन वाक्यांमध्ये ते उसळायचं थांबलं.