शटलचं वेळापत्रक

मंडळी, लहानपणी आमच्या उस्मानाबादेत (आताचं धाराशिव) टीव्हीवर दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम दिसायचा, तो इन्सॅट-१बी उपग्रहामार्फत. हा उपग्रह ३१ ऑगस्ट १९८३ला अमेरिकेच्या चॅलेंजर शटलमधून सोडला होता, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं!

शटलची मूळ योजना अगदी आपल्या एसटीसारखी. गाडी आली, डेपोत तपासली, की निघाली पुढच्या फेरीला. दोन आठवड्यांत तेच यान पुन्हा उडवायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात कमीत कमी ५४ दिवस लागले. १९८५मध्ये सगळी मिळून ९ उड्डाणं झाली, तरी १९९०पर्यंत वर्षाला २४ करायचं लक्ष्य काही हललं नाही.

२८ जानेवारी १९८६ला कडाक्याच्या थंडीत बूस्टरच्या जोडातली रबरी रिंग निकामी झाली. चॅलेंजर गेलं, आतले सातही जण गेले. चौकशी आयोगाने वेळापत्रकाच्या दडपणावरही बोट ठेवलं.

त्याच वर्षी इन्सॅट-१सीसोबत इस्रोचा एक इंजिनिअर शटलने जाणार होता. ते राहूनच गेलं. उपग्रह १९८८मध्ये एरियान रॉकेटने गेला, माणूस खालीच राहिला.

असो. हल्ली कुणी डेडलाइन सांगितली की मी आधी विचारतो, गाडी डेपोत किती वेळ थांबणार?