हृदयरोगतज्ज्ञ आणि रेशन कार्ड : योजनेचा थोडा इतिहास

"डॉक्टर, हृदयाचा चांगला डॉक्टर कोणता?" असा प्रश्न तुम्ही विचारता, तेव्हा त्यात आणखी एक प्रश्न दडलेला असतो : "तिथे आपलं कार्ड चालेल का?" उंद्री परिसरातून अँजिओग्राफीसाठी अनेकांना अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. इतक्या लांब जाऊन "इथे योजना नाही" असे ऐकावे लागू नये, म्हणून हा इतिहास माहीत असलेला बरा.

भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण १९६८ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी केले. म्हणजे कौशल्य आपल्या राज्यात होते. पण खेड्यातल्या माणसाला हृदयाच्या ऑपरेशनसाठी शेत विकावे लागे किंवा कर्ज काढावे लागे.

१९९७ मध्ये दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी जीवनदायी योजना आली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत बुलढाणा नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली, तेव्हा आपला नंबर लागला. पिवळ्या आणि केशरी कार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार मिळू लागले. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. बुलढाण्यासह १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील पांढऱ्या कार्डाचे शेतकरीही तिच्यात आले. २०१८ मध्ये आयुष्मान भारत सुरू झाली. २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढले.

या सगळ्यात एक गोष्ट बदललेली नाही. योजनेत डॉक्टर नसतो, रुग्णालय असते. आणि तेही ठरावीक विभागांसाठी. एखादे रुग्णालय हाडांच्या ऑपरेशनसाठी योजनेत असेल, पण हृदयासाठी नसेल. यादीही बदलत राहते. गेल्या वर्षी शेजाऱ्याचे काम झाले म्हणून यंदा तुमचे होईलच असे नाही.

म्हणून निघण्यापूर्वी १५५३८८ वर फोन करा आणि "हृदयविकारासाठी हे रुग्णालय आज योजनेत आहे का?" असे स्पष्ट विचारा. डॉक्टरांची पदवी पाहा : एमडी मेडिसिननंतर डीएम किंवा डीएनबी कार्डिओलॉजी. रेशन कार्ड, आधार आणि जुने रिपोर्ट सोबत घ्या. पोहोचल्यावर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला भेटा.

मात्र छातीत दाबल्यासारखे दुखत असेल, घाम फुटला असेल, दम लागत असेल, तर यादी शोधत बसू नका. १०८ ला फोन करा आणि जवळच्या रुग्णालयात लगेच ईसीजी काढा. कार्ड घरचे लोक मागून आणू शकतात. गेलेली वेळ परत आणता येत नाही.