मुलांमधला सेप्सिस: तापाच्या आकड्यापलीकडे काय बघायचं?

सर्दी-खोकला, जुलाब, खरचटलेला गुडघा हे मुलांच्या बाबतीत रोजचंच. बहुतेक मुलं त्यातून बरीही होतात. पण कधीकधी जंतुसंसर्गाशी लढताना शरीराचा ताबा सुटतो आणि ते स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागतं. यालाच सेप्सिस म्हणतात.

२०१२ साली न्यूयॉर्कमध्ये रोरी स्टाँटन या १२ वर्षांच्या मुलाला शाळेत बास्केटबॉल खेळताना हाताला खरचटलं. नंतर आलेला ताप आणि उलट्या म्हणजे पोटाचा साधा आजार असं समजलं गेलं. काही दिवसांतच तो दगावला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क राज्याने रुग्णालयांना सेप्सिस लवकर ओळखण्यासाठी नियम बंधनकारक केले.

उशीर का होतो?

सुरुवातीची लक्षणं साध्या तापासारखीच असतात. शिवाय मुलांचं शरीर बराच वेळ तग धरतं. हृदय जोरात धडधडतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब टिकून राहतो. तो घसरेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

• मूल खूप मलूल आहे, उठवूनही नीट जागं होत नाही. औषधाने ताप उतरला तरी तरतरी येत नाही
• श्वास जलद चालतो, छाती आत ओढली जाते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. २ महिन्यांखाली ६०, २ ते १२ महिन्यांत ५० आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका
• अंग तापलेलं, पण हातपाय गार
• त्वचा फिकट, निळसर किंवा डागाळलेली. दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके
• १२ तासांत लघवी नाही
• झटके येणं

तान्ह्या बाळाचं वेगळं

दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप येईलच असं नाही. ३७.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमान जितकं धोक्याचं, तितकंच ३५.५ पेक्षा कमीही. बाळ दूध ओढत नसेल, हालचाल मंदावली असेल, तरी लगेच दवाखाना गाठा.

काय करायचं?

घरात उरलेली अँटिबायोटिक्स देऊ नका. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "हा सेप्सिस असू शकतो का?" मूल नेहमीपेक्षा कसं वेगळं वागतंय, तेही सांगा. सलाइन आणि शिरेतून अँटिबायोटिक जितक्या लवकर सुरू होतील, तितकी मूल वाचण्याची शक्यता जास्त.