चिखलदऱ्यात घरकुल हवे, तर आधी कागद

2011 च्या जनगणनेत चिखलदऱ्याची लोकसंख्या सुमारे 5 हजार होती. गाव लहान, तरी घराची अडचण मोठी. पठारावर जागा मोजकीच, भोवती दऱ्या आणि मेळघाटचे जंगल. उरलेल्या जागेवर लॉज-हॉटेलवाल्यांचाही डोळा.

पैशाची सोय आहे. पंतप्रधान आवास योजना शहरी 2.0 मध्ये स्वतःच्या जागेवर घर बांधायला अडीच लाख रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात. वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत हवे आणि देशात कुठेही पक्के घर नसावे. पती, पत्नी आणि अविवाहित मुले हे एक कुटुंब धरतात, म्हणजे लग्न झालेल्या मुलाचे कुटुंब वेगळे.

गाडी अडते ती कागदावर. टॅक्स पावती म्हणजे मालकी नव्हे. जागा अजून दादांच्या नावावर असेल तर आधी वारसनोंद करा. आधार आणि जागेच्या कागदावरचे नाव जुळते का, तेही पाहा. सरकारी जागेवर घर असेल, तर 1 जानेवारी 2011 पूर्वीचे निवासी अतिक्रमण नियमित करण्याची तरतूद 2018 च्या शासन निर्णयात आहे. वनजमिनीला ती लागू नाही.

ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांचे काय? चिखलदरा आणि शहापूर, आलाडोह, मोथा, लवादा या गावांचे नियोजन सिडकोकडे आहे. आराखड्यावर हरकती मागवल्या की स्थानिकांसाठी भूखंड राखून ठेवा, असे लेखी मागावे.

आम्ही सुचवतो, जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोरांनी तासभर बसून घरोघरचे कागद तपासावेत.